सल्ला सदर: पन्नासमध्ये वाडा मावत नाही!

पत्र थोडक्यात असं: पुण्यातले एक वाचक, वय ३८, आयटीत नोकरी, डोळ्यांना चष्मा. मामांनी त्यांचा जुना कॅनन पी हा रेंजफाइंडर कॅमेरा (लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून बघायचा) यांना दिलाय, सोबत ५० एमएम एफ १.८ लेन्स (एमएमचा आकडा जितका लहान तितकी लेन्स वाइड, म्हणजे फोटोत जास्त मावतं). आजोळचा पेठेतला वाडा दिवाळीनंतर बिल्डरच्या ताब्यात जाणार, त्याआधी त्याचे फिल्मवर फोटो काढायचेत, आणि आषाढात पालख्या पुण्यात येतील तेव्हा वारीचेही. पण "५० मध्ये काहीच मावत नाही". तीन महिने रिव्ह्यू बघून २१, २८ आणि ३५ मध्ये अडकलेत. कार्टमध्ये एम माउंटची एक नवी स्वस्त २८ एमएम आणि एक अडॅप्टर पडून आहे. बायको म्हणते फोन आहे की! मामांनी याच कॅमेऱ्यावर काढलेला वाड्याचा जुना अल्बम घरात आहे आणि तसे फोटो आपल्याला जमत नाहीत याचं वाईट वाटतं. प्रश्न असा की कुठली वाइड लेन्स घेऊ, की हा कॅमेरा विकून सरळ लायका (जर्मन कंपनीचा रेंजफाइंडर) घेऊ?

उत्तर:

आधी ते कार्ट रिकामं करा. बाकी सगळं सावकाश बोलू, पण ती लेन्स मागवली असेल तर आजच कॅन्सल करा, कारण ती तुमच्या कॅमेऱ्यावर बसणारच नाही, आणि सोबतचा अडॅप्टर उलट्या दिशेचा आहे.

झालंय काय, तर कॅनन पी हा १९५९ च्या सुमाराचा कॅमेरा, त्याला ३९ एमएमचा आटा आहे, म्हणजे लेन्स बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. याला कोणी एम ३९ म्हणतं, कोणी एलटीएम. हा आटा मुळात लायकाचा. लायकाने १९५४ मध्ये एम ३ काढला तेव्हा आटा सोडून बायोनेट आणलं, म्हणजे लेन्स खाचेत अडकवून थोडीशीच फिरवायची, त्याला एम माउंट म्हणतात, आणि तिथे त्यांनी एक हुशारी केली. जुन्या आट्याच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत २८.८ एमएम अंतर असायचं, नव्यात त्यांनी ते २७.८ केलं, बरोब्बर १ एमएम कमी, म्हणजे १ एमएम जाडीची रिंग लावली की जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते आणि फोकसही अचूक येतो. पण याचं उलट होत नाही. एम माउंटची लेन्स आट्याच्या बॉडीवर बसवायची तर ती बॉडीच्या आत १ एमएम घुसायला पाहिजे, ते कसं करणार? तुमच्या कार्टमधला अडॅप्टर आट्याची लेन्स एम बॉडीवर लावायचा आहे. नावात "एम ३९ ते एम" दिसलं आणि तुम्ही सुटलात, यात तुमचा दोष नाही, दर महिन्याला कोणीतरी सुटतंच.

दुसरा सापळाही आत्ताच सांगते, नाहीतर यानंतर तुम्ही त्यात जाल. जुन्या रशियन झेनिट एसएलआरच्या लेन्सचा आटाही ३९ एमएमचाच असतो. तुमच्या कॅमेऱ्यावर ती मस्त फिरून बसेल आणि सगळे फोटो आऊट ऑफ फोकस येतील, कारण ती आरशाच्या कॅमेऱ्यासाठी केलेली आहे, तिला फिल्मपासून बरंच जास्त अंतर लागतं. एनलार्जरच्या (फिल्मवरून कागदावर मोठा फोटो काढायच्या यंत्राच्या) लेन्सचंही तेच. म्हणून विकणाऱ्याला विचारताना "आटा ३९ चा आहे का" असं विचारू नका, "रेंजफाइंडरची आहे का" असं विचारा.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात "मावत नाही" हा शब्द मी मोजला, पाच वेळा आलाय. आणि त्याच पत्रात शेवटाकडे तुम्ही लिहिता की मामांचे त्याच वाड्याचे फोटो बघून अजून अंगावर काटा येतो. अहो मग मामांकडे कुठली लेन्स होती? हीच ना! त्यांना ५० मध्ये वाडा कसा मावला?

मला वाटतं नाही मावला, त्यांनी मावायचा हट्टच धरला नसणार. तुम्ही त्या अल्बमचं जे वर्णन केलंय त्यात हौदाच्या काठावर बसलेली मुलं आहेत, जिन्याच्या तोंडाशी उभी आजी, कोनाड्यातला कंदील, दिंडी दरवाज्यातून आत आलेलं ऊन. अख्खा वाडा एकाही फोटोत नाहीये. तुम्ही तो डोक्यात जोडला, कारण तुम्ही तिथे वाढलात. म्हणजे जमत नाही त्याचं कारण लेन्सच असेल असं नाही. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिये-ब्रेसाँ १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत होता, गांधीजींना भेटला आणि पुढे अंत्ययात्रेचेही फोटो काढले, आणि या माणसाचं आयुष्यभराचं बहुतेक काम ५० वर आहे. तेवढ्या गर्दीत काय मावणार होतं त्याला? दुसऱ्या टोकाला अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ घेऊन फिरायचा, पण त्याचे फोटो बघा, माणसं अंगावर आल्यासारखी जवळ आहेत. तोही मावण्यासाठी वाइड लावत नव्हता, जवळ जाता यावं म्हणून लावत होता.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये, माझे स्वतःचे पैसे गेलेत यात. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही याच "मावत नाही" च्या नादात २१ एमएम घेतली होती, घेऊन कोकणात गेले, गावातल्या देवळाच्या सभामंडपात दोन रोल संपवले आणि धुऊन आल्यावर काय, तर अर्ध्या फ्रेमभर फरशी, वर छत, आणि मधे मुंगीएवढं देऊळ आणि त्याहून लहान पुजारी. सगळं मावलं होतं हो, पण बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सहा महिन्यांत तोट्यात विकली.

यात रेंजफाइंडरची एक खोडही आहे जी रिव्ह्यूवाले सहसा सांगत नाहीत. एसएलआरमध्ये तुम्ही लेन्समधूनच बघता, वाइड लावली की जग लांब गेलेलं तिथेच दिसतं, पुढची फरशी ताणलेली तिथेच दिसते. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही बाजूच्या खिडकीतून बघता. ३५ लावा नाहीतर ५०, खिडकीतलं जग तेच, फक्त चौकट लहानमोठी. आणि सगळं कायम शार्प दिसतं. त्यामुळे पुढे किती मोकळी जागा पडलीये ते तिथे जाणवतच नाही, रोल धुतल्यावर कळतं. म्हणून या कॅमेऱ्यावर वाइड वापरायची तर अंतर डोक्यात पक्कं पाहिजे.

थोडं गणित करूया, वाड्याच्याच मापाने. समजा माजघरात तुम्ही दारात उभे आहात आणि समोरची भिंत ३ मीटरवर आहे, म्हणजे साधारण दहा फूट. कॅमेरा आडवा धरलाय. ५० मध्ये भिंतीची सव्वादोन मीटरहून थोडी कमी रुंदी येईल. ३५ मध्ये ३ मीटरच्या आसपास, २८ मध्ये पावणेचार ते चार, आणि २१ मध्ये पाच मीटरच्या वर. आता मला सांगा तुमचं माजघर पाच मीटर रुंद आहे का? नसेल तर २१ लावून तुम्ही शेजारच्या दोन्ही भिंती ताणून आत आणणार. पेठेतल्या वाड्यातल्या खोल्या दहा बाय बारा, क्वचित दहा बाय पंधरा. तिथे २८ पुरते, उंचीसुद्धा अडीच मीटर येते, म्हणजे जमिनीपासून जवळपास कडीपाटापर्यंत. चौक मात्र कशातच मावणार नाही, २१ मध्येही नाही, तिथे वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली बघून काढा, मामांनी पण तसंच केलं असणार.

तरीही लगेच विकत घ्यायच्या आधी एक फुकटचं काम करा, आणि इथे तुमच्या बायकोचं म्हणणं मला शंभर टक्के पटलंय, फक्त वेगळ्या कारणासाठी. तुमच्या फोनचा मेन कॅमेरा हाच मुळात वाइड आहे, बहुतेक फोनचा २४ ते २६ एमएमच्या बरोबरीचा असतो, फोटोच्या डिटेल्समध्ये बघा, लिहिलेलं असतं. म्हणजे गेली दहा वर्षं तुम्ही रोज वाइडनेच जग बघताय, त्या सवयीच्या मानाने ५० चिंचोळी वाटणारच. फोन २४ चा असेल तर १.२ झूम म्हणजे साधारण २८, दीड झूम म्हणजे ३५, आणि दोन म्हणजे जवळजवळ ५०. येत्या रविवारी वाड्यात जा, फोन १.२ वर ठेवा आणि त्याला हात लावायचा नाही, दोन तास फक्त पायांनी मागेपुढे व्हा. पुढच्या रविवारी दीडवर. मग दोन्ही दिवसांचे फोटो शेजारी ठेवून बघा, आणि छान कुठला आला हे न बघता, कुठल्या दिवशी तुम्ही कमी कुरकुरलात ते आठवा. रोल, धुणं आणि स्कॅन धरून आजकाल सहज हजाराच्या पुढे जातं, हा प्रयोग फुकट आहे.

आता तुमच्या चष्म्याकडे येते, कारण खरं सांगू का, तुमचा निर्णय लेन्सपेक्षा चष्माच करणार आहे.

कॅनन पीच्या खिडकीत जग आहे तेवढंच दिसतं, एकास एक, दुसरा डोळा उघडा ठेवूनही फोटो काढता येतो. ५० साठी यासारखं सुख नाही. पण याची किंमत अशी की ३५ ची चौकट त्या खिडकीच्या अगदी कडेला जाऊन बसलीये. चष्मा नसलेला माणूससुद्धा डोळा चिकटवून इकडेतिकडे फिरवतो तेव्हा त्याला ती दिसते. चष्म्यामुळे तुमचा डोळा सेंटिमीटर दीड सेंटिमीटर मागे राहतो, म्हणजे तुम्हाला त्या कडा दिसणारच नाहीत. आणि २८ ची चौकट तर कॅमेऱ्यात नाहीच, ३५, ५० आणि १०० एवढ्याच आहेत. (डोळा लावायची कड धातूची असेल तर तिथे पातळ रबरी रिंग चिकटवा, चष्म्याच्या काचेवर गोल ओरखडा पडला की मग आठवण येते, माझ्या दोन काचा गेल्यात.)

म्हणून "३५ घेतली तर वेगळा फाइंडर (बघायची सुटी खिडकी) लागत नाही" हा जो ३५ चा सगळ्यात मोठा फायदा सगळे सांगतात तो तुमच्या बाबतीत निकालात निघाला. ३५ घ्या नाहीतर २८, कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या शूमध्ये, म्हणजे खाचेत, बसणारा बाहेरचा फाइंडर तुम्हाला लागणारच. आणि एकदा तो घ्यायचाच म्हटल्यावर माझं मत सरळ आहे: २८ घ्या. ५० तुमच्याकडे आहे, ५० आणि ३५ मधला फरक दोन पावलांचा आहे, तेवढं चालता येतं. ५० आणि २८ मधला फरक वाड्याच्या खोलीत चालून भरून काढता येत नाही, मागे भिंत असते.

इतरांसाठी इथेच सांगून टाकते, कारण हाच प्रश्न वेगवेगळे कॅमेरे घेऊन येतो. लायका एम ३ असेल तर त्यात ५० पेक्षा वाइड चौकट नाहीच. एम २ मध्ये ३५ आहे आणि चष्म्यातूनही बऱ्यापैकी दिसते. एम ६ मध्ये २८ आहे, पण चष्मेवाल्यांना ती कडेने चाचपडतच बघावी लागते. झोर्की ४ मध्ये चौकटी नाहीतच, अख्खी खिडकी अंदाजे ५० ची धरायची, वाइडसाठी बाहेरचा फाइंडर ठरलेला. आणि ज्याला वाइडशिवाय चैनच पडत नाही त्याने व्होइग्टलेंडर बेसा आर ४ शोधावा, त्यात २१ पासून चौकटी आहेत, खिडकीतलं चित्र त्यासाठी लहान केलेलं, ०.५२ पट. मात्र तो आता सेकंडहँडच मिळतो आणि विकणाऱ्यांना त्याची किंमत चांगली माहितीये.

बाहेरचा फाइंडर म्हणजे दोनदा बघणं आलं, खालच्या खिडकीत फोकस करा, मग वरच्या खिडकीत फ्रेम करा, हे वाचून तुम्ही नाक मुरडणार मला माहितीये. पण वाइडवर फोकस दरवेळी करावाच लागत नाही, इथे खरी मजा आहे. २८ ला एफ ८ वर ठेवून (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान आणि जास्त अंतर शार्प) लेन्सवरचं अंतर २ मीटर लावलं की साधारण सव्वा मीटर ते पाच मीटरमधलं सगळं शार्प. तेच ३५ वर दीड ते सव्वातीन मीटर. म्हणजे पालखीच्या गर्दीत एकदा लावून ठेवायचं आणि फक्त वरच्या फाइंडरमधून बघायचं. आषाढातलं ढगाळ आकाश आणि ४०० ची फिल्म असेल तर एफ ८ ला १/२५० सेकंदावर सुरुवात करा, अगदीच काळोखून आलं तर १/१२५. तुमच्या कॅमेऱ्यात उजेड मोजणारं मीटर नाही, फोनवरचं मीटर ॲप चालेल, पण ते वापरताना फोन आकाशाकडे जाऊ देऊ नका, वाइडच्या फ्रेममध्ये आकाश भरपूर येतं, मीटर फसतं आणि वारकऱ्यांचे चेहरे काळे येतात. आपल्या तळहातावर मीटर करा, तोही त्याच उजेडात असतो, आणि निघालेल्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या, हात जरा उजळ असतो म्हणून.

वारीबद्दल अजून एक. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते, आणि दरवर्षी रस्त्याच्या दुभाजकावर टेलि लेन्स घेऊन फोटोवाल्यांची भिंत उभी असते. तुमची २८ तिथे कुचकामी आहे, दुभाजकावरून सगळं माचिसच्या काड्यांएवढं येईल. तिला माणसांत जावं लागतं. मुक्कामाच्या दिवशी सकाळी पेठेत जा, गल्लीगल्लीत वारकरी आंघोळी, दाढ्या, कपडे वाळत घालणं असं सगळं निवांत चाललेलं असतं, माउली म्हणून शेजारी बसा, चहा घ्या, कॅमेरा मांडीवर दिसू द्या. मग एक दीड मीटरवरून काढा. मात्र चेहरा फ्रेमच्या कडेला ठेवू नका, वाइडमध्ये कडेला डोकं दुधीभोपळ्यासारखं ताणलं जातं. आणि पिशवीत एक साधी प्लास्टिकची पिशवी ठेवा, या कॅमेऱ्यात पाणी आत जायला कोणी अडवत नाही.

आता प्रत्यक्ष कुठली २८. आट्याच्या माउंटमध्ये नवीन फारसं काही मिळत नाही, सेकंडहँडच बघावी लागेल. कॅननचीच जुनी २८ एमएम एफ ३.५ आहे, पन्नाशीच्या दशकातली, बटणाएवढी चपटी आणि धातूची, कॅमेऱ्यावर शोभते. तिचीच पुढची एफ २.८, ती जरा महाग. आणि व्होइग्टलेंडरची कलर स्कोपर २८ एमएम एफ ३.५, कोसिना कंपनीने आत्ताच्या काळात आट्याच्या माउंटमध्ये काढलेली, आता बंद झालीये. मला विचाराल तर ही शेवटची, कारण काचेवरचं कोटिंग आधुनिक आहे आणि वाड्यात तुम्ही सारखे अंधाऱ्या खोलीतून उजेडाच्या खिडकीकडे बघून फोटो काढणार, तिथे जुन्या लेन्समध्ये सगळं दुधाळ होतं. अर्थात काहींना ते दुधाळच आवडतं, मला नाही. एफ ३.५ कमी वाटत असेल तर घाबरू नका, रेंजफाइंडरमध्ये आरसा आपटत नाही, २८ हातात धरून १/३० आरामात आणि खांबाला टेकून १/१५ सुद्धा निघतो, नाहीतर ट्रायपॉड आहेच, वाडा कुठे पळून चाललाय... दिवाळीपर्यंत तरी नाही.

३५ चाच मोह सुटत नसेल तर रशियन ज्युपिटर-१२ स्वस्तात मिळते, जुन्या झाइस बायोगॉनच्या धर्तीवरची, चित्र खरंच सुरेख देते. पण तिची मागची काच बॉडीत इतकी खोल जाते की काही कॅमेऱ्यांत आत अडकते, म्हणून स्वतःच्या कॅमेऱ्यावर हळूच फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नका, पोस्टाने तर नकोच. मागची काच फिल्मच्या इतकी जवळ नेता येणं हीच मुळात रेंजफाइंडरची ताकद, मधे आरसा नाही ना. म्हणून या वाइड लेन्स छोट्या असतात आणि सरळ रेषा सरळ ठेवतात, तुमच्या कडीपाटाच्या तुळया वाकणार नाहीत. मात्र कॅमेरा वर किंवा खाली कलला की खांब आत पडताना दिसतील, तो दोष लेन्सचा नसतो. कॅमेरा सरळ धरा, उंची कमी पडली तर जिन्याच्या दोन पायऱ्या चढा.

फाइंडर सुरुवातीला रशियन घ्या, फिरता बुरूज असलेला, त्यात २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ असं सगळं एकातच येतं. दिसायला विचित्र आहे, गल्लीतली पोरं हसतील, पण भागतं. नंतर आवडलं तर २८ चा वेगळा स्वच्छ फाइंडर घ्या. जवळून काढताना फाइंडर आणि लेन्स यांच्यातला फरक लक्षात ठेवा, वरचा फाइंडर लेन्सच्या बराच वर असतो, म्हणून एक मीटरवर डोकं कापलं जाऊ नये यासाठी वर थोडी जास्त जागा सोडायची.

लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर फंगस, सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. नुसतं धुकं असेल तर ते पुष्कळदा साफ होतं, त्या काळच्या बऱ्याच कॅनन लेन्समध्ये डायफ्रॅमजवळच्या काचेवर धुकं धरतंच, पण साफ करायचा खर्च आधी विचारून किमतीतून कमी करून घ्या. लेन्सचं तोंड लहानमोठं करणारी पाती तेलकट असतील तर चालतंय. फोकसची रिंग दगडासारखी असेल तर ग्रीस वाळलंय, तेही होतं. जपानहून मागवणार असाल तर कस्टम ड्यूटी वर येणार हे धरून चला, आणि विकणाऱ्याने "मिंट" लिहिलंय का हे न बघता काचेबद्दल काय लिहिलंय ते वाचा. घरी आल्यावर पावसाळ्यात लेन्स कपाटातल्या चामड्याच्या केसमध्ये अजिबात नको, चामडं ओल धरून बसतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, बास.

लायकाचं म्हणाल, तर आत्ता नको. तुमचा कॅमेरा चालतोय, शटरचे पडदे स्टीलचे आहेत, थोड्या सुरकुत्या असतील तर घाबरू नका, पीमध्ये त्या सर्रास असतात. कापडी पडद्यांना उन्हात भोक पडायची भीती असते, यांना नाही, म्हणून लेन्सला झाकण नसलं तरी चालतं, आणि मी तर म्हणते लावूच नका, रेंजफाइंडरमध्ये झाकण लावलेलं असताना पण खिडकीतून सगळं छान दिसतं. मी एकदा मुलीचं अख्खं गॅदरिंग काढलंय तसं. आणि पुढेमागे लायका एम घ्यावासा वाटलाच तर आज घेतलेली आट्याची लेन्स १ एमएमची रिंग लावून तिथे चालेल, तेव्हा पैसे वाया जात नाहीयेत. तुम्ही तीन महिन्यांत तीन रोल काढलेत आणि रिव्ह्यू किती बघितलेत ते मी विचारत नाही.

म्हणून २८ येईपर्यंत, आणि सेकंडहँड चांगली मिळायला महिना दोन महिने जातातच, ५० घेऊनच वाड्यात जात राहा. तुम्ही लिहिलंय मामा आता ७९ चे आहेत आणि वाडा सुटल्यापासून तिकडे फिरकले नाहीत. त्यांना घेऊन जा एकदा. अल्बम बरोबर घ्या आणि एकेका फोटोला ते कुठे उभे होते ते दाखवायला सांगा, त्या त्या जागी तुम्ही उभे राहा आणि बघा किती मागे जाता येतं. वरचा जिना अंधारा आणि उंच असेल तर त्यांना चढवू नका, खाली ओसरीवर बसवा, सकाळी चौकातून उजेड येतो तेव्हा. ५० लावा, एफ ४ वर ठेवा, दीड मीटरवर बसा. तेवढ्यात ओसरीचा खांब आणि मामा व्यवस्थित मावतात.